चंद्रमतीचं वळैकाप्पू

राजमअक्का रिक्षातून उतरल्या त्या दोन डझन हिरव्या बांगड्या, हळदकुंकू आणि पाच तऱ्हेच्या भाताचे डबे घेऊनच. "कल्याणरामा, चंद्रमतीला बाहेर आण! आज तिचं वळैकाप्पू. बांगड्या भरायच्या, डोहाळे पुरवायचे. मागच्या शुक्रवारी पोट बघितलं ना मी तिचं!"

कल्याणरामने गोठ्याकडे पाहिलं. गाईचं डोहाळजेवण, तेही एक वेळ चालेल. पण गोठ्यात त्या घडीला एकच जनावर होतं, पायात काटा मोडलेला म्हातारा बैल. बाकी सगळी कालव्याकाठी चरायला गेली होती.

सगळा घोळ त्याच्या लेकीचा. नंदिता बंगळूरला मानसशास्त्र शिकते. तिरुवैयारुजवळच्या या गोठ्यात लोकांनी सोडून दिलेली अकरा जनावरं, आणि 'अकरा जनावरांना चारा द्या' या पाटीकडे दोन वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. सुट्टीत आलेली नंदिता म्हणाली, "अप्पा, अकरांवर कुणाचा जीव जडत नाही. माणसाला एक चेहरा लागतो, एक नाव लागतं. आमच्या पुस्तकात आहे." तिने ती पाटी उतरवून तिथे एका गाईचा फोटो लावला आणि खाली तमिळमध्ये लिहिलं, 'मी चंद्रमती. मला भूक लागली आहे.' आणि काय सांगू, पेंढा ठेवायला जागा पुरेना!

पण ज्याचा जीव जडतो तो भेटायलाही येतो, हे काही पुस्तकात नसावं. फोटोतली गाय महाखाष्ट. माणूस दिसला की लाथ. म्हणून जी गाय गरीब दिसेल तिलाच कल्याणराम चंद्रमती म्हणून पुढे करायचा. सगळ्यांत जास्त पेंढा राजमअक्कांच्या शेतातून यायचा. अक्का बिथरल्या, की अकराही तोंडं उपाशी.

"अक्का, आज तिची तब्येत जरा..."

"अय्यय्यो, मग तर बांगड्या आधी!" अक्का थेट गोठ्यात शिरल्या.

बैल मुकाट उभा होता. अक्कांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, शिंगांत बांगड्या चढवल्या, चिंचेच्या भाताचा घास दिला. बैलाने तो खाऊन डब्यातच तोंड घातलं. मग पोटाला हळद लावायला अक्का खाली वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. बराच वेळ.

कल्याणरामने डोळे गच्च मिटले. "अक्का, चुकलो. खरं सांगतो, चंद्रमती एकटी नाही. इथे अक..."

"गप्प बस!" अक्का ताठ झाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "एकदा तांबडी, एकदा पांढरी, एकदा एकशिंगी. आंधळी समजलास का मला? पहिल्याच महिन्यात कळलं होतं."

"मग पेंढा का पाठवत राहिलात?"

"एकीसाठी डोळ्यांत पाणी येतं म्हणून. अकरा म्हणालास, की माझा हात आखडतो रे. मेलं मनच तसलं, काय करू? तो आकडा माझ्यासमोर काढायचा नाही."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि बैलाच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"उद्यापासून दोन गाड्या पेंढा जास्त पाठवते. या दिवसांत पोरीला अकरा जणींची भूक लागते."