मोबाईलचं वाक्य आलं का

"मदत कोणाची घेतली?" मुख्याध्यापक लक्ष्मणराव सरांनी विचारलं.

माइकपुढे उभी असलेली गुंजन म्हणाली, "मोबाईलची, सर. एआयची. अर्धं भाषण त्याचंच हाय."

वडनेरच्या शाळेच्या हॉलमध्ये मागून खुसखुस सुरू झाली. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शेजारी बसलेल्या रंजिता मॅडमकडे पाहिलं. घ्या, तुमच्याच मागणीचं फळ, असं ते पाहणं.

मॅडमची मान काही खाली गेली नाही. भाषणाआधी प्रत्येकाला विचारायचा हा प्रश्न त्यांनीच हट्टानं या वक्तृत्व स्पर्धेत घालायला लावला होता. दिवाळीपासून त्या सातवीच्या पोरांच्या कानीकपाळी ओरडत होत्या, एआयला खुशाल विचारा, पण विचारलं ते सांगा. "हो मॅडम" म्हणायला सगळे पुढे. आज मात्र एकेक जण छाती काढून "कोणाचीच नाही" म्हणून गेला. आणि काय योगायोग बघा, 'आमचं वावर' या विषयावर बोलताना प्रत्येकाच्या भाषणात 'काळ्या आईची कूस' अगदी त्याच जागी आली!

इथला पहिला नंबर हिंगणघाटला तालुक्याच्या स्पर्धेला जाणार होता. खरं बोलली म्हणून आज ही पोरगी मागे पडली, तर या शाळेत पुन्हा एक लेकरू तोंड उघडणार नाही, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं.

"मंग गुण कोणाले द्याचे आमी?" सर म्हणाले. "तुले, का मोबाईलले?"

पोरं खदखदून हसली. मॅडम उठणार तोच गुंजन म्हणाली, "सर, मोबाईलचं वाक्य आलं का मी हात वर करीन. तेवढे गुण कापून टाकजा."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बोल," ते म्हणाले.

गुंजननं हात वर केला. "सोनेरी गव्हाची शेतं वाऱ्यावर डोलतात आणि बैलांच्या गळ्यातील घुंगरांच्या नादाने आमची पहाट उजाडते."

हात खाली आला. "आमच्या वावरात गहू नाई. वांगे हायेत आन् मेथी हाय. बैल माह्या जन्माच्या आंधीच इकले. घुंगरू कुठचे वाजतात? लाईट आली का आई मोटर चालू कराले धावते, तवा आमची पहाट होते."

तेवढ्यात गुंजनची आई, कुसुमबाई, बाजारातून परस्पर आली. रिकामी टोपली दाराशी ठेवून ती मॅडमच्या मागे येऊन बसली. लेकीचा हात पुन्हा वर गेलेला पाहून ती घाबरली.

"मॅडम, तिले पानी पायजे वाट्टे. कवाची हात वर करून राह्यली, कोणी पाहूनच नाई राह्यलं!"

मॅडमनी तिच्या कानात सगळं सांगितलं. कुसुमबाईनं डोळे बारीक केले आणि मग ती भाषणाऐवजी हाताकडेच पाहू लागली.

"आईच्या कष्टांना सीमा नसते," हात वर होता.

"हे मोबाईलचं," कुसुमबाई पुटपुटली.

हात खाली. "वांग्याच्या देठाले काटे रायतात. तोडता तोडता ते आईच्या बोटात मोडतात. सुईनं काढाचं काम माहं. आई काट्यावर नाई चिडत, माह्यावरच वरडते."

"आगं बाई! हे काऊन सांगून राह्यली सगळ्याइले?" कुसुमबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपेना.

हात वर जाणं हळूहळू कमी होत गेलं. शेवटी तर गुंजन दोन्ही हातांनी वांगं कसं तोडायचं ते दाखवत होती, आणि मघाशी खदखदणारी पोरं माना लांब करून पाहत होती. टाळ्या पडल्या. मॅडमनी जीव लावून वाजवल्या. लक्ष्मणराव सर मात्र कागदावर काहीतरी लिहीत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

शेवटचं नाव प्रफुलचं होतं. मागच्या वर्षी हिंगणघाटहून कप घेऊन आलेला हा पोरगा, सरांचा हुकमी एक्का. तो ऐटीत माइकपुढे आला.

"मदत कोणाची?"

"को..." प्रफुल थांबला. ओठ ओले केले. त्यानं पहिल्या रांगेतल्या गुंजनकडे पाहिलं, मग छताकडे. सर वाट पाहत होते. प्रफुलनं सावकाश उजवा हात वर केला आणि भाषण सुरू केलं.

भाषण खणखणीत होतं. काळ्या आईची कूस आली, बळीराजा आला, घामाचे मोती आले. हात वरच होता. अर्ध्यात हात भरून आला, तेव्हा त्यानं दुसऱ्या हातानं कोपर धरलं आणि तसाच बोलत राहिला. कोणी हसलं नाही. अजून निकाल लागला नव्हता, खरं बोलून गुण मिळतात की जातात हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी हे पोरगं हात खाली घेत नव्हतं. रंजिता मॅडमना समोरचं धूसर दिसायला लागलं आणि त्यांनी डोळे पुसलेही नाहीत.

"जय हिंद," म्हणून प्रफुलनं हात खाली घेतला. खांदा चोळत तो तिथंच उभा राहिला.

"जा आता, बस," सर हळूच म्हणाले.

"सर," प्रफुल म्हणाला, "उद्या अजून एक डाव भाषण म्हणू का? माह्या सोताचं, हात खाली ठेवून?"