गुळाची पदवी

"सर, मला गुळाचंच शिकायचंय. रसायनशास्त्र, शेती आणि व्यापार, तिन्ही एकत्र," शाहूपुरीतल्या गूळ-अडत्याची दानेश्वरी १९९४ साली माझ्यासमोर उभी राहून म्हणाली.

मी हसलो. "अगं, दोन दगडांवर पाय ठेवला तरी माणूस पडतो. तू तिसरा कुठं शोधतीयस? असली पदवी नसती."

तेरा वर्षांनी आमच्याच कॉलेजात तशी पदवी निघाली. विषय विद्यार्थ्यानं स्वतः जुळवायचे. नियमावली मीच लिहिली. पहिलाच अर्ज उघडला: रसायनशास्त्र, शेती, व्यापार. खाली दानेश्वरीची सही.

मी घाईनं पेन उघडलं.

"सर, ह्यो अर्ज बाद हाय की," कारकून सयाजीराव म्हणाले. "बाईंचं वय एकतीस. पंचविसाची अट तुम्हीच घातलीया न्हवं?"