चुलीपासून लांब

सगळे जेवत होते, तेवढ्यात चुलीपुढे उलथणं खणकन पडलं. कुंताबाईंच्या अंगाची पुन्हा आग आग झाली होती. पदरानं मान पुसत त्या जरा दाराशी सरकल्या.

"नखरे पाहा हिचे! मायी माय मरेस्तोवर चुलीपुढं होती," त्यांचा नवरा, पुंडलिकराव, कडाडले.

नात आचलचं बोट धरून कुंताबाई हिंगणघाटच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या. जवसाची चटणी खा, सकाळी फिरा, चुलीपासून लांब राहा, असं बाईंनी सांगितलं.

"म्हंजे फुकटचं बसून खा!" पुंडलिकराव तिरसटले.

दुसऱ्याच आठवड्यात कुंताबाईंनी ओसरीवर पोतं अंथरलं. "मी बाहेर बसली," एवढंच म्हणाल्या. आता देव बाटेल या धाकानं त्यांना चुलीशी बोलवायची कोणाची छाती होईना. सून भांडी आदळत रांधू लागली. पुंडलिकराव स्वतः तांब्या घेऊन आले आणि विटाळ नको म्हणून वरूनच पाणी ओतू लागले. कुंताबाईंनी वाऱ्याकडे तोंड करून ओंजळ धरली.

 

तेवढ्यात शेजारी बसलेल्या आचलनं विचारलं, "आजी, डॉक्टरीणबाई तं म्हने, तुयं आता कायमचं बंद झालं. मंग तुले कावळा काऊन शिवला?"