आबांच्या कानावर

बारामतीतल्या एका पशुखाद्य कंपनीत सगळ्यांच्या सामायिक पत्त्यावर येणारी प्रत्येक मेल आधी अश्लेषापुढं यायची. गोड असेल ती पुढं सोडायची आणि तक्रारीची असेल ती तिथंच दाबून ठेवायची. ऑफिसात शांतता पाहिजे, हा साहेबांचा हुकूम. पाठवणाऱ्या बिचाऱ्याला वाटायचं, साहेबांनी वाचली, पण मनावर घेतली नाही.

मग पुण्याच्या शाखेत वरची जागा निघाली आणि तिच्या मनानं उचल खाल्ली. पण निमगाव केतकी गावातल्या तिच्या सासरच्या घरात असलं काही सुनेनं सासऱ्यांना, म्हणजे आबांना, थेट विचारायची रीत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "घालते की आबांच्या कानावर. तू नको काळजी करू."

रोज संध्याकाळी अश्लेषा आबांच्या चेहऱ्याकडं बघायची. आबा आपले गप्प. शेवटी काय समजायचं ते समजून तिनं अर्जच केला नाही.

 

महिन्याभरानं जेवता जेवता आबाच म्हणाले, "का गं पोरी, पुण्याची जागा तुमच्या हापिसातल्या त्या श्रेयाला मिळाली म्हनं. तू का न्हाय मागितलीस?"