तात्यांचा अंगठा

शांत घरात कुकरची शिट्टी झाली. एरवी शिट्ट्या मोजणाऱ्या जुईने मानसुद्धा वर केली नाही.

वृषालीने तव्यावरची पोळी तशीच सोडली. लेकीच्या कानामागच्या ऐकण्याच्या मशीनवर लाल दिवा लागला होता. फोनवर संदेश होता : 'मशीन न्यासाच्या मालकीचे. न्यासाची कायदेशीर पूर्तता अपूर्ण. सेवा बंद.'

तिने मशीन देणाऱ्या न्यासाच्या शिरगुप्पेकाकांना फोन लावला.

"ताई, सकाळपासून हा बेचाळिसावा फोन," काका म्हणाले. "धर्मादाय आयुक्तांच्या संगणक प्रणालीला वार्षिक पूर्ततेसाठी पाचही विश्वस्तांचे अंगठे हवेत. चार दिले. पाचवे तात्या."

"तात्यांना जाऊन वर्ष झालं ना?"

"हो. पण ज्यांनी न्यास उभा केला, त्यांचं नाव कापायचं कुणी? आम्ही त्यांची खुर्चीसुद्धा हलवली नाही. विश्वस्त बदलाचा अर्ज राहूनच गेला."

"मग आज द्या!"

"दिला. सुनावणी दिवाळीनंतर."

"तुमच्या भक्तीपायी माझी पोर बहिरी झाली की हो! सांगा त्या प्रणालीला, लहान मूल आहे."

"सांगितलं. ती म्हणते, अर्जात तसा रकाना नाही."

वृषालीने फोन आपटला. पोळी जळाल्याचा वास सुटला होता. ती जुईसमोर गुडघ्यांवर बसली. "काही नाही गं राणी, होईल नीट," असं तीनतीनदा म्हणाली.

जुई तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली. मग रडवेल्या, खूप मोठ्या आवाजात तिने विचारलं, "आई, मी काय केलं? तू आवाज का बंद केलास?"