खोली याच गल्लीत हवी

"काकू, एवढ्या भाड्यात पुलापलीकडे दोन खोल्या मिळतील, शिवाय चोवीस तास पाणी," एजंट पुन्हा म्हणाला. "या गल्लीत काय सोनं पुरलंय?"

"माझी गिऱ्हाइकं आहेत. पुलापलीकडे ब्लाउज शिवायला टाकणारं कोण ओळखतं मला?" शिवणकाम करणाऱ्या काकूंनी विषय मिटवला.

बरीच पायपीट झाल्यावर छापखान्याच्या माडीवरची एक खोली ऐपतीत बसली. भिंतीला ओल होती आणि खाली छपाई सुरू झाली की जमीन थरथरायची. शिलाई मशीन कुठे बसेल ते काकूंनी वितीने मोजलं आणि होकार दिला.

एजंट तसा सरळ माणूस. पैसे घेण्याआधी त्याने खिडकीचं एक दार किलकिलं केलं आणि आवाज खाली आणला.

"नंतर मला बोल लावू नका, म्हणून आधीच सांगतो. समोरच्या गॅलरीतले ते आजोबा दिवसभर लोकांवर ओरडत असतात. गेल्या महिन्यात बायको सोडून गेली म्हणे, तेव्हापासून तर जास्तच."

काकूंनी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. समोरच्या म्हाताऱ्याने वर पाहिलं आणि त्याच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

"ओरडू दे," काकू म्हणाल्या. "मी नवरा सोडलाय, गल्ली नाही."