ग्रिम्सबीची बोली

पाच मुलींच्या त्या ग्रुपमध्ये सगळ्यात सुरेल गळा कर्स्टीचा होता. ती ग्रिम्सबी बंदरातल्या मासळी कारखान्यात राबणाऱ्या बाईची लेक. पहिलं गाणं बाजारात यायच्या आधीच मॅनेजर क्लाइव्हने तिला काढून टाकलं. "गातेस छान गं, पण बोलायला लागलीस की माशांचा वास येतो. मुलाखतीत काय करू मी?"

उरलेल्या चौघी लंडनच्या बड्या घरच्या. वर्षभरात त्यांचं गाणं देशात पहिल्या नंबरावर गेलं. मग एका पेपरने त्यांच्या महागड्या शाळांचे फोटो छापले आणि 'बापाच्या पैशावर गाणाऱ्या बाहुल्या' म्हणून टर उडवली. पुढचं गाणं साफ आपटलं. लोकांना आता आपल्यातल्या, साध्या पोरी हव्या होत्या.

क्लाइव्हचा फोन आला. "कर्स्टी, ताबडतोब ये. तुझ्यावाचून अडलंय."

तिने दुकानातली नोकरी सोडली. स्टेशनवर आईला रडू आवरेना. "कळला गं बाई तुझा गळा शेवटी त्या मेल्यांना!"

लंडनच्या ऑफिसात चौघी वह्या उघडून बसल्या होत्या.

"गायचं नाहीये तुला," क्लाइव्ह म्हणाला. "यांना फक्त तुझ्यासारखं बोलायला शिकव. सोमवारी टीव्हीवर मुलाखत आहे."

कर्स्टीने तीन दिवस मन लावून शिकवलं. आपल्या माणसाचे चारचौघांत आभार कसे मानायचे, तेही घोकून घेतलं.

सोमवारी अख्ख्या देशासमोर चौघी अदबीने उठल्या, क्लाइव्हकडे वळल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "मुडदा बशिवला तुझा, क्लाइव्ह!"